कर्कश कोणी ठरवायचे?

इंग्रजीत कानाला नकोशा आवाजांसाठी शब्दांची रेलचेल आहे, पण ते सगळे एका जातीचे नाहीत. 'स्क्रीच', 'क्रीक', 'रॅटल' हे शब्द उच्चारतानाच आवाजाची नक्कल करतात. ऐकणाऱ्याला करकरणारे दार किंवा खडखडणारी खिडकी लगेच कळते. 'कॅकोफनी'चे तसे नाही. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थच 'वाईट आवाज'. आवाज उंच होता की खरखरीत, हे त्यातून कळत नाही. बोलणाऱ्याला तो आवडला नाही, एवढेच कळते. 'डिस्कॉर्डंट' (विसंवादी), 'श्रिल' (चिरका), 'स्ट्रायडंट' (कर्कश) हेही वापरात बहुधा त्याच वाटेने जातात. तक्रार शब्दांबद्दल नाही, नावड निरीक्षण म्हणून खपवली जाते त्याबद्दल आहे.

याचा सर्वांत भरघोस पुरावा संगीतलेखक निकोलस स्लोनिम्स्की यांनी 1953 मध्ये पुस्तकरूपात मांडला. बेथोव्हेनपासूनच्या संगीतकारांवर समीक्षकांनी केलेल्या जहरी टीकेचा तो संग्रह, आणि शेवटी दूषणांची चक्क वर्णानुक्रमे सूची. ब्राम्स, वॅग्नर, चायकॉव्स्की, डेब्युसी, कोणी सुटलेले नाही. आज ज्यांची तिकिटे आधी संपतात, त्यांच्याच रचना त्या काळच्या जाणत्यांना गोंगाट वाटल्या होत्या. ते समीक्षक बहिरे नव्हते. नव्या रचनेची सवय नसलेल्या कानाची अस्वस्थता त्यांनी रचनेच्या नावावर टाकली. माणसांच्या बाबतीत हेच अधिक बोचरे होते. 'श्रिल' हे विशेषण सार्वजनिक जीवनातल्या स्त्रियांना ज्या सहजतेने चिकटते, तसे पुरुषांना चिकटत नाही. मार्गारेट थॅचर यांनी तालीम घेऊन आवाज खाली आणला, तो काही सूर शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की काही आवाज सगळ्यांनाच असह्य होतात. फळ्यावर नखे ओढली की अंगावर काटा येतो, त्यात कसली आली सवय? हे खरे आहे, आणि त्यामुळेच भेद नीट करायला हवा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 मध्येच दाखवले होते, की जवळजवळच्या कंपनसंख्यांचे स्वर एकत्र वाजले की आवाजात झपाट्याने चढउतार होतात आणि तो खरखरीत वाटतो. 2016 मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य श्रोत्यांना खटकणारे स्वरमेळ त्यांना सुसंवादी मेळांइतकेच सुखद वाटले, पण निव्वळ खरखर मात्र त्यांनाही नकोशी झाली. म्हणजे खरखर बऱ्याच अंशी कानाची, विसंवाद बऱ्याच अंशी संस्काराचा. एकच 'कॅकोफनी' दोन्हींना लावली की हा फरक पुसला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी चिकित्सा करत बसलो, तर रात्री अकराला भिंती हादरवणाऱ्या डीजेलाही 'आमच्या कानांचा संस्कार' म्हणून माफी द्यायची का? मुळीच नाही. त्यासाठी विशेषणाची गरजच नसते. भारतातल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. आवाज मोजता येतो. मग तिथे भजन लागले आहे की रीमिक्स, हा प्रश्न उरत नाही. उलट 'कर्कश' या शब्दावर तक्रार उभी केली, की वाद लगेच कोणाच्या आवडीला कमी लेखले यावर घसरतो.

नावड सांगूच नये असे नाही; ती तपासता येईल अशा भाषेत सांगावी. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाच्या महाराष्ट्रात ती अनेकांना जाचक वाटली असेल, पण विरोधकांचा मुख्य आरोप नेमका होता: पट्टीचे स्वर ठरलेले, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे हरवतात. या आरोपाला प्रत्यक्ष वाजवून, स्वर वेगळे जुळवून किंवा साथीपुरती पेटी पुरेशी आहे असे म्हणून उत्तर देता येत होते. 'कॅकोफनी' म्हटले असते, तर उत्तर कशाला द्यायचे?