झटपट जेवणामागचा उन्हाळा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून सुटून संध्याकाळी सातला घरी पोचलेल्या माणसाला पास्ता आठवतो तो चवीइतकाच वेळेसाठी. पण कृती वाचायला घेतली की आधी पांढरा सॉस, मग वेगळ्या पातेल्यात आधण, मग चाळणी, मग चीज. हा पसारा आवरायचा कसा, याचं उत्तर कोल्हापूरच्या चुलीला फार आधीपासून ठाऊक आहे.

चकोल्या घ्या. तुरीच्या डाळीची आमटी खळाखळा उकळत असते. तिच्यात लाटलेल्या कणकेचे चौकोनी तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो. कणकेचं पीठ सुटून आमटी आपोआप दाट होते, वर तुपाची धार धरली की जेवण तयार. भांडं एकच. इटलीतही पास्ता शिजवलेलं पाणी सगळं फेकत नाहीत, त्यातलं थोडं सॉसमध्ये घालतात ते याच दाटपणासाठी. धान्याचंही नातं आहे. पास्ता होतो ड्युरम गव्हाचा, आणि ड्युरम हा खपलीच्याच कुळातला. कृष्णाकाठी त्याच खपलीची खीर होते.

मग पास्ता सोपा करायला आणायचं काय? फडताळातली कांदा-लसूण चटणी. तेलात ठेचलेला लसूण आणि चिरलेला टोमॅटो परतावा, चमचाभर चटणी घालावी, त्यातच पास्ता आणि तो जेमतेम बुडेल इतकं पाणी ओतून मधूनमधून हलवत शिजवावा. पाणी आटतं तोवर तो शिजलेला असतो, कमी पडलं तर थोडं गरम पाणी घालावं. चटणीत मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी, चव घेऊन. गाळायचं काही नाही, वेगळा सॉस नाही.

कृती सोपी करणं हे हलकं काम मानू नये. 'सूपशास्त्र' हे मराठी पाकपुस्तक छापलं गेलं १८७५ साली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्याशी नातं असलेल्या कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची, जी प्रत्येक घरात होती. नव्यानं संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्या पुस्तकाचा आधार झाला. माझ्या मते गेल्या शतकातल्या मराठी गृहजीवनातली ती एक मोठी सुधारणा आहे.

तरीही वाटी-चमच्याच्या मापात एक गोष्ट मावत नाही. ती चमचाभर चटणी आली कुठून? चैत्र-वैशाखात गडहिंग्लजच्या बाजारातून किंवा गल्लीतल्या दुकानातून संकेश्वरी आणि ब्याडगी आणायची, देठं खुडायची, उन्हात कडकडीत वाळवायची. हाताची आग दिवसभर जात नाही. कांदा चिरून वाळवायचा, खोबरं भाजायचं, धणे, तीळ आणि खडा मसाला वेगवेगळा तळायचा, मग डबे भरून डंकावर रांगेत उभं राहायचं. त्याच दिवसांत शेवया, सांडगे, पापड. वर्षभर संध्याकाळी अर्ध्या तासात जे ताटात येतं, त्याचे तास उन्हाळ्यात आधीच खर्ची पडलेले असतात, आणि ते बहुतेक घरांत बायकांचे असतात. डंकानं उखळ-मुसळ सोडवलं, मिक्सरनं पाटा-वरवंटा; पण देठं खुडणारे हात बदलले नाहीत.

आता अनेक घरं चटणी बचत गटांकडून विकत घेतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. उलट जे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट झालं, त्याला मोल मिळतं. फक्त ते मोल देताना घासाघीस करू नये. आणि ज्या घरात चटणी अजून घरीच होते, तिथल्या पुरुषांनी येत्या उन्हाळ्यात मिरचीची देठं खुडायला बसावं आणि डंकावरच्या रांगेतही स्वतः उभं राहावं.