वास न येणारी नशा

मुळशीचं नाव काढलं की लोकांना २०१८चा ‘मुळशी पॅटर्न’ आठवतो. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत कसा जातो, ही त्याची गोष्ट. पण हिंजवडीपासून पौडपर्यंत आलेल्या पैशाबरोबर ढाबे, बार आणि फार्महाऊसही आले. तिथं वेटर, ड्रायव्हर, वॉचमन म्हणून राबणाऱ्यांत आपलीही पोरं आहेत. नशा ती तिथंच शिकतात.

आपल्याकडे एक समाधान असतं : दारू हराम आहे, म्हणून आपली मुलं सुरक्षित. मला हे समाधान फार धोक्याचं वाटतं. दारूचा वास येतो, अम्मीला कळतं. गोळीचा येत नाही. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे मुळात चिंतारोगावरचं औषध. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. कोडीनचं कफ सिरप तर खोकल्याच्या बाटलीतच येतं. रमजानभर रोजे धरणारी आणि इफ्तारनंतर गोळी टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. ‘ही काय शराब थोडीच आहे?’ असं ती म्हणतात. खम्र म्हणजे अक्कल झाकणारी प्रत्येक गोष्ट, हा अर्थ त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. जुम्याच्या बयानात शराबवर बोललं जातं, गोळीवर क्वचितच.

आणि एमडी काही मुंबईपुरतं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. कुरकुंभ आपल्याच जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं.

घरात कळल्यावर काय होतं? मारहाण, कोंडून ठेवणं, नाही तर घाईनं निकाह. ‘लग्न झालं की सुधरेल.’ म्हणजे एकाच्या आजारासाठी दुसऱ्याची मुलगी पणाला लावायची! माझ्या मते मशीद कमिटीनं, जमातीनं यावर उघड बोलायला हवं, मुलीकडच्यांना आधी सांगायला हवं. कोंडून ठेवणंही जीवघेणं ठरू शकतं. अल्प्राझोलाम रोज घेणाऱ्यानं किंवा खूप दारू पिणाऱ्यानं अचानक थांबलं तर फिट्स येतात. सोडवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

एमडी-गांजाच्या बाबतीत आणखी एक भीती असते : दवाखान्यात नेलं तर पोलीस पकडतील. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. नशा केल्याचा किंवा जवळ अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद त्यात आहे. ही गोष्ट किती मोहल्ल्यांत माहीत आहे?

पुण्यात येरवड्याला १९८६पासून ‘मुक्तांगण’ आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. तिथं व्यसनाकडे आजार म्हणून पाहतात. तौबा आणि उपचार यांत मला तरी विरोध दिसत नाही. ताप आल्यावर आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो.

दारू दुकानाचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं, तर परवानाधारक दुकान बंद होतं. आपल्या बायका या मतदानात दिसत नाहीत, कारण ‘आपल्यात कोण पितं?’ मुळशीत बायकांच्या पुढच्या ग्रामसभेला त्यांनी जावं आणि हा विषय लेखी मांडावा. तोवर कमिटीनं मशिदीच्या नोटीस बोर्डावर नमाजच्या वेळांखाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन नंबर लिहावा. खर्च एका खडूचा आहे.