कुलपांची मीमांसा, किल्लीचा विसर

आभासी चलनाची किल्ली इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर ठेवावी, हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या बाजारपेठेतून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांना आपल्याच पैशाला हात लावता येईना, तेव्हापासून तर महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही ‘आपली किल्ली आपल्यापाशी’ हा मंत्र ऐकू येतो. मंत्राशी आमचे भांडण नाही. हे चलन बाळगावे की नाही, हा वादही आम्ही येथे घालत नाही. आमचा आक्षेप आहे तो मंत्रापाठोपाठ सुरू होणाऱ्या डिस्ट्रोपुराणावर. डेबियन की फेडोरा, टेल्स की क्यूब्स, अमुक अधिक सुरक्षित की तमुक! लिनक्सचे नाव एकदा अचूक निवडले की तिजोरी आपोआप बंद होते, अशी काहीतरी समजूत या पुराणामागे आहे, आणि ती घातक आहे.

मराठीच्या मास्तरांनी यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की हा प्रश्न निम्म्याहून अधिक पाठचिकित्सेचा आहे, आणि तो निव्वळ यंत्रांचा मानल्यामुळेच त्याची दैना झाली आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी या कामासाठी काली लिनक्स निवडले. का, तर हॅकर मंडळी तेच वापरतात! काली हे दुसऱ्याच्या कुलपांची परीक्षा घेण्यासाठी, शेकडो हत्यारे भरून तयार केलेले साधन आहे. २०२० पर्यंत तर ते वापरणाऱ्याला आरंभीच रूटचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे, अधिकार देत असे. किल्ल्या बनवणाऱ्याची पिशवी घरात आणून ठेवल्याने दाराला कुलूप लागत नाही. पण त्या गृहस्थांना हसण्यापूर्वी हेही पाहावे, की ‘सर्वांत सुरक्षित’ अशा याद्या करणारे विद्वानही नावाच्या प्रतिष्ठेवरूनच वस्तूचा गुण ठरवत असतात.

आधी प्रतीचा प्रश्न. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरवाट ठेवलेली प्रत लोकांच्या हाती दिली. नाव तेच, प्रत भ्रष्ट. अशा वेळी त्याच पानावर दिलेला चेकसम जुळवून समाधान मानणे व्यर्थ होय; ज्याला दुवा बदलता येतो त्याला तो आकडाही बदलता येतो. एकाच भ्रष्ट पोथीवरून उतरवलेल्या दोन पोथ्या एकमेकींच्या साक्षीदार होत नाहीत, हे आम्ही एम. ए.च्या वर्गात दरवर्षी सांगतो. साक्ष स्वतंत्र हवी. म्हणजे प्रत तयार करणाऱ्यांची डिजिटल स्वाक्षरी तपासावी, आणि ती ज्या किल्लीने तपासायची ती खरी त्यांचीच आहे, हे दुसऱ्या मार्गाने पडताळावे. ही पायरी अर्ध्या तासाची आहे. डिस्ट्रोवर तीन-तीन आठवडे वाद घालणारे नेमकी हीच गाळतात!

अर्थात स्वाक्षरी, ती कोणाची एवढेच सांगते. सही करणाऱ्याचे मन शुद्ध होते की नाही, हे सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण या दृष्टीने प्रत्येक संपादकाने अभ्यासावे असे आहे. फाइली आवळून लहान करणाऱ्या एका साध्या साधनात, दोनेक वर्षे विश्वास संपादन केलेल्या सहकाऱ्याच्याच नावाने चोरवाट घातली गेली होती. तिला कार्यान्वित करणारा एक धागा सार्वजनिक भांडारातील संहितेत नव्हताच, तो केवळ वाटपाच्या प्रतीत होता. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून ते कळले. ‘मुक्त संहिता आहे, म्हणजे हजारो डोळे तिच्यावर आहेत’ ही घोषणा आम्हाला नेहमीच थोडी संशयास्पद वाटत आली आहे. ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो कोणी वाचलेला असणे, यांतला फरक आम्हाला नव्याने शिकायला नको. असो. मुद्दा असा की ती चोरवाट डेबियनच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत शिरली होती. संथ, कंटाळवाण्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून निवड कराच, असा आग्रह असेल तर आमचे मत कंटाळवाण्या पर्यायाला आहे: वायफायचे कार्ड काढलेल्या जुन्या संगणकावर डेबियनची स्थिर आवृत्ती, किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारे आणि बंद करताच सारे विसरणारे टेल्स. क्यूब्सची रचना मोठी बुद्धिमान आहे. पण एकाच यंत्रात अनेक कामांच्या खोल्या वेगळ्या ठेवणे हा तिचा हेतू, आणि येथे काम मुळी एकच.

याहून मोठा प्रश्न किल्लीच्या जन्माचा, आणि त्याविषयी या वादांत जवळजवळ मौन असते. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती कोणालाही ताडता येऊ नये, यातच तिचे सारे बळ. डेबियनमध्येच २००६ साली ओपनएसएसएलमधील काही मजकूर अनावश्यक समजून गाळला गेला, आणि मे २००८ मध्ये दोष जाहीर होईपर्यंत त्यावर जन्मलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या होत्या. लेखनिकाच्या एका सद्हेतूपूर्ण दुरुस्तीने पाठ कसा जातो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लिबबिटकॉइनच्या ‘बीएक्स’ या साधनातला असाच दोष जाहीर झाला: त्याने निर्माण केलेले बीज फक्त ३२ बिटांच्या यादृच्छिकतेवर उभे होते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. माणसाला हा आकडा मोठा वाटतो. संगणकाला तो किरकोळ. असे वॉलेट कपाटात बंद संगणकावर, सर्व तारा कापून ठेवले असते तरी रिकामेच झाले असते, कारण चोराला त्या संगणकापर्यंत जाण्याची गरजच नव्हती. साधा फासा पन्नास वेळा टाकून आकडे लिहून घेतले तर बारा बीजशब्दांपुरती अनिश्चितता हाती येते. लाकडी फाशावर विश्वास ठेवणे आमच्या मते मागासलेपणाचे लक्षण नव्हे.

व्यवहाराची रीत थोडक्यात: इंटरनेटवरच्या संगणकावर फक्त शिल्लक पाहणारे वॉलेट ठेवावे, व्यवहाराचा मसुदा तेथे करावा, सही मात्र तोडलेल्या संगणकावर, आणि तेथे पत्ता व रक्कम पुन्हा वाचून. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटच्या कोल्ड वॉलेटमधून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. पडद्यावर दिसले एक आणि सही झाली दुसऱ्यावर.

आणि मालक मेल्यावर? बीजशब्दांच्या प्रचलित प्रमाणानुसार यादीत २०४८ शब्द असतात. अशा याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज भाषांत आहेत. मराठीत नाही, कोणत्याच भारतीय भाषेत नाही. मग घरातले कोणी ते शब्द देवनागरीत उतरवते. यादीत ‘जाणे’ या अर्थाचा लीव्ह आहे आणि ‘जगणे’ या अर्थाचा लिव्हही आहे. घाईत लिहिलेली एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली की वारसाच्या हाती उरतो निव्वळ कागद. म्हणून शब्द रोमन लिपीतच, ठळक अक्षरांत लिहावेत. शिवाय इलेक्ट्रम हे वॉलेट बीजशब्दांची स्वतःची निराळी रचना वापरते. त्याचे शब्द अन्य वॉलेटे सहसा स्वीकारत नाहीत. वॉलेटचे नाव लिहिले नसेल तर अचूक शब्दही मुके.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उलगडेपर्यंत लीळाचरित्रासारखा ग्रंथ पंथाबाहेरच्या अभ्यासकाला बंद होता. पंथाच्या आत मात्र तो हरवला नाही, कारण लिपी वाचण्याची विद्या गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. आजचा एकांडा ठेवीदार लिपी करतो, पण शिष्य करत नाही. त्याने डिस्ट्रोचा शोध दोन दिवस बाजूला ठेवावा, नव्या वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम ठेवून ते पुसून टाकावे, आणि पत्नीला किंवा मुलाला केवळ कागदावरून ते पुन्हा उभे करण्यास सांगावे. स्वतः शेजारच्या खोलीत बसावे. जेथे जेथे हाक येईल, ते सारे कागदावर लिहावयाचे राहिले आहे.