‘टीजी’ म्हणजे कोण?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी बेस वाजवतो. त्यामुळे जुने फेंडर बेस खोलून दाखवणारे व्हिडिओ मीही तासन्‌तास बघतो. चार स्क्रू काढून नेक वेगळा केला की त्याच्या टोकाशी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख सापडते. १९५०च्या दशकातल्या काही नेकवर सोबत ‘टीजी’ ही अक्षरंही असतात. लगेच सगळे खूश. माल अस्सल, किंमत वाढली!

माझं भांडण इथेच आहे. टीजी म्हणजे टॅडेओ गोमेझ, कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या कारखान्यात नेक घडवणारा कामगार. पिकअपवर तार गुंडाळणाऱ्या अबिगेल यबारा तिथे १९५६ साली लागल्या. बाहेर हेडस्टॉकवर मात्र एकच नाव, फेंडर. त्या लिओ फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

बरं, तारखेचा पुरावा तरी किती पक्का? पॉटवर ३०४६३२० असा शिक्का असेल तर तो स्टॅकपोल कंपनीचा, १९६३ सालच्या विसाव्या आठवड्यातला. पण ती जन्मतारीख पॉटची, बेसची नव्हे. नेकचंही तेच, तो बनला कधी आणि बसवला कधी, या दोन वेगळ्या गोष्टी.

म्हणजे बेसच्या वयाबद्दल ही खूण अर्धवटच बोलते. माणसाबद्दल मात्र ठामपणे सांगते की हे काम माझ्या हातचं आहे. आणि आपण नेमकं तेच ऐकत नाही. ऑफिसात तरी वेगळं काय करतो? कोडची ओळ कुणी लिहिली हे आपण बग सापडल्यावरच शोधतो.

पुढच्या वेळी नेक खोललात तर किमतीआधी ते नाव वाचा. मोठ्यानं.