लव्हबर्ड्स म्हणे!

परवा दीड दिवसासाठी निलंग्याला जाऊन आलो. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, सकाळी उतरायचं, आईच्या हातचं दोन वेळा जेवायचं आणि रविवारी रात्री पुन्हा गाडी. पुण्यात कोड बडवणाऱ्या आमच्यासारख्यांचं हे नेहमीचंच. या वेळी मात्र चहाचा कप हातात यायच्या आत पुतण्याने ओढत व्हरांड्यात नेलं. "काका, बघ ना, पिलाला काय झालंय."

पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, एक पिलू बसलं होतं. साधारण महिन्याचं असेल. पंख बऱ्यापैकी फुटलेले, पण डोक्याच्या मागचा भाग बघवत नव्हता. पिसं उपटलेली, कातडी सोललेली, रक्त वाळून काळं पडलेलं. दुसरं एक पिलू त्याच्याच शेजारी आडवं. ते संपलं होतं.

"आईनंच टोचलं बगा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासनं मारायलीय. कसली वैरीण म्हणायची ही!" आईने मान हलवली. शेजारच्या काकूंनी तर निकालच दिला, की अशी मादी ठेवूच नये, सोडून द्यावी.

मी पण आधी तेच म्हणालो असतो, खोटं कशाला बोलू? पण बग सापडला की आधी युजरला दोष द्यायचा, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट सवय. म्हणून जरा थांबलो आणि पिंजरा नीट पाहिला. दोन फूट लांब, दीड फूट रुंद. आत नऊ पक्षी. वर तारेने बांधलेली तीन मडकी. राळ्याने काठोकाठ भरलेली वाटी, पाण्याचं भांडं, तारेत अडकवलेला समुद्रफेसाचा तुकडा. म्हणजे लाडाकोडात काही कमी नव्हतं. कमी होती ती फक्त अक्कल. आणि ती पक्ष्यांची नव्हे.

आधी नावापासून सुरुवात करू. आपल्याकडे दुकानात ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड्स' म्हणून विकतात, ते लव्हबर्ड्स नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे बजरीगर, लाडाने बजी, ऑस्ट्रेलियातले. 1840 साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला आणले आणि तिथून जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले. नाव चुकलं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं ना! 'लव्ह' म्हटलं की आपण गृहीत धरतो की ही मंडळी एकमेकांना चिकटून, चोचीत चोच घालून, गुण्यागोविंदाने राहणार. मग भांडण झालं की आपल्याला धक्का बसतो आणि आपण मादीला वैरीण ठरवून मोकळे होतो.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. तेच इथे करून बघू.

पिलू जखमी का झालं? कारण मोठ्या पक्ष्याने टोचलं. इथे सगळे थांबतात.

मोठ्या पक्ष्याने का टोचलं? याची दोन नेहमीची कारणं असतात. एक, मडकं कुणाचं यावरून माद्यांची मारामारी. बजींमध्ये दादागिरी मादीची असते. घरटं ताब्यात घ्यायला ती दुसरीच्या मडक्यात घुसते, आतली अंडी फोडते, पिलं मारते. चार-पाच माद्या आणि तीन मडकी, हा हिशोब पहिलीतल्या पोरालाही कळेल. दुसरं कारण, खुद्द आईला पुन्हा अंड्यावर बसायचं असतं आणि आधीची पिलं अजून मडक्यातच असतात. ती त्यांची पिसं उपटते, त्यांना बाहेर हुसकते, आणि ती गेली नाहीत तर डोकं फोडते.

तिला इतक्या लवकर पुन्हा अंडी का घालायची असतात? हा खरा प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात बजी थव्याने भटकत असतो. पाऊस पडला, गवताला बी धरलं, की झाडांच्या ढोलीत घरटं. चार ते सहा अंडी, एका आड एक दिवस घातलेली. प्रत्येक अंड्यातून साधारण अठरा दिवसांनी पिलू. पाच आठवड्यांत पिलं बाहेर. दुष्काळ आला की सगळं बंद. आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पाऊस नसला की पेरणी नाही, लग्नं पुढे, घरबांधणी पुढे. बजीचं शरीरही तसंच चालतं. आता या पक्ष्याला निलंग्याच्या व्हरांड्यात बसवा. वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, ढोलीच्या जागी मडकं कायम टांगलेलं. त्याच्या शरीराला काय कळणार? पाऊस पडलाय. आजही पडलाय, उद्याही पडणार आहे. थांबायचा सिग्नलच नाही. कंडिशन कधीच खोटी न होणारा लूप आपणच लिहिलाय, आणि सिस्टीम हँग झाली की शिव्या मात्र मादीला.

त्यात अंडी एका आड एक दिवस असल्यामुळे थोरल्या आणि धाकट्या पिलात आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं. म्हणजे आई पुढच्या खेपेला तयार होते तेव्हा धाकटं पिलू नुकतं पिसांत येत असतं. ते बाहेर जाणार कसं? आणि बाहेर आलं तरी दीड फुटात पळणार कुठे? मोकळ्या रानात हुसकावलेलं पिलू उडून जातं. पिंजऱ्यात ते कोपऱ्यात बसून मार खातं.

चौथा 'का'. मडकं कायम का टांगलेलं असतं? कारण दुकानदाराने पिंजऱ्याबरोबरच दिलेलं असतं. "मडकं लावा साहेब, दोन महिन्यांत पिलं." कधी काढायचं ते कुणी सांगत नाही, कारण आपण कुणी विचारत नाही.

पाचवा 'का'. अशा दुकानातून, काहीही न विचारता, हे पक्षी घेतले कुणी?

मी.

हो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या वाढदिवसाला पुण्याहून एक जोडी मीच नेली होती. पाचशे रुपये, शिवाय पिंजरा. दुकानात दहा मिनिटं घालवली असतील. त्याच महिन्यात मोबाइल घेताना तीन आठवडे रिव्ह्यू वाचत होतो, हे लिहिताना लाज वाटतेय. पोरगं खूश, घरातले खूश, 'काकाने जिवंत गिफ्ट आणलं' म्हणून माझी कॉलर ताठ. पुढे दोनाचे नऊ झाले. मधल्या काळात किती पिलं अशीच मेली, हे मी आजवर विचारलंही नव्हतं. परवा विचारलं. वहिनींनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

आता नेहमीचे आक्षेप.

"निसर्गच आहे, दुबळं मरतं." पिंजरा निसर्गाने बनवला नाही. मडकं निसर्गाने टांगलं नाही. आपण केलेल्या गोष्टीला निसर्गाचं नाव देऊन हात झटकणं मला पटत नाही.

"मग सोडून द्या की!" हा पुण्यातल्या मित्रांचा आवडता सल्ला. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, इथला नसलेला, तीस-चाळीस ग्रॅमचा पिवळाधमक पक्षी निलंग्याच्या आभाळात सोडला तर पहिला कावळा किंवा पहिली मांजर हिशोब मिटवते. त्याला मुक्ती म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी गच्चीवरून खाली फेकणं.

"अडीचशेच्या पक्ष्याला डॉक्टर?" हा आक्षेप सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो कुणी तोंडावर बोलत नाही, पण वागतात सगळे तसेच. किंमत अडीचशे ही दुकानाची. दुखण्याला एमआरपी नसते.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशी पोपटाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळणं गुन्हा. बजी परदेशी, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातूनही तो वगळलेला, त्यामुळे त्याची कुठे नोंदसुद्धा करावी लागत नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा म्हटलंय. पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांनंतरही तोच आकडा कायम होता. आमच्या चौकात उभं राहून निलंगा राईस खाल्ला तरी खिशाला याच्याहून मोठी चाट बसते. 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. पुढच्या वेळी दुकानात शिरलात तर नोंदणी विचारून बघा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

असो. नुसता राग काढून पिलू वाचत नाही. एका ओळखीच्या पशुवैद्याला फोन लावला. त्यांनी सांगितलं ते आणि नंतर वाचलं ते इथे देतोय, कारण अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांना रविवारी सकाळी काहीच सुचत नाही.

सगळ्यात आधी पिलू वेगळं काढा. 'थोडा वेळ बघू' नको. एकदा रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही. भोकं पाडलेला खोका, खाली स्वच्छ सुती कापड, अंधारी शांत जागा. थंडीत एका बाजूने बाहेरून बल्बची ऊब, साधारण तीस अंश, आणि दुसरी बाजू गार, म्हणजे नको झालं तर पिलाला सरकता येईल. आमच्याकडच्या मे महिन्यात मात्र बल्ब लावाल तर भाजून माराल. तेव्हा फक्त सावली.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलकं दाबून धरा. तीस ग्रॅमच्या पक्ष्यात एकूण रक्त तीन मिलीच्या आसपास. एक मिली, म्हणजे वीसेक थेंब गेले, तर एक तृतीयांश रक्त गेलं. म्हणून 'थोडंसंच आलंय' हे वाक्य इथे लागू नाही. जखम कोमट मिठाच्या पाण्याने हळूच पुसा. तेल-हळद, तुपकट मलम, डेटॉल, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या यातलं काहीही नको. तेलाने पिसं चिकटतात, अंगातली ऊब जाते, आणि चोचीने साफ करताना ते पोटातही जातं.

दूध-पाव तर अजिबात नको. पक्ष्याला दूध पचत नाही. स्वतः खात नसेल तर पिलांसाठीचं तयार खाद्य मिळतं, ते कोमट, चाळीस अंशांच्या आत. जास्त गरम झालं तर गळ्याजवळची अन्नाची पिशवी भाजते, थंड दिलं तर तिथेच साचून राहतं. सिरिंज कशी धरायची ते जाणकाराकडून बघून घ्या, नाहीतर खाद्य फुप्फुसात जाऊन पिलू तुमच्याच हातात मरेल. तोंड उघडून श्वास घेत असेल, शेपटी प्रत्येक श्वासाला हलत असेल, तर घरगुती उपाय बंद आणि थेट डॉक्टर. आमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं बैलघोड्याचं इस्पितळ आहे. आधी फोन करून पक्षी बघतात का, तेवढं विचारा.

आणि बरं झालेलं पिलू पुन्हा त्याच पिंजऱ्यात, त्याच मादीसमोर ठेवू नका. उपचार करून पुन्हा तिथेच ठेवणं म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट क्लोज करणं. पुढच्या शनिवारी तेच तिकीट पुन्हा उघडतं. पिलं उडायला लागली तरी काही दिवस बाप भरवतो, म्हणून वेगळं करताना बापासकट करता आलं तर उत्तम.

पण माझं खरं म्हणणं या सगळ्याच्या आधीचं आहे. मडकी काढा. सगळी. आत अंडी-पिलं असतील तर तेवढी बाहेर पडेपर्यंत थांबा, मग काढा आणि पुन्हा लावू नका. 'पिलं बघायला मजा येते' हे जीव जन्माला घालायचं कारण नाही. ज्यांना जागा, वेळ आणि डॉक्टर परवडत नाही त्यांनी पिलं काढू नयेत. आणि वाढदिवसाला जिवंत वस्तू भेट देऊ नये, कारण जिवंत वस्तू असं काही नसतंच.

आम्ही शनिवारी दुपारी तिन्ही मडकी काढली. दोन रिकामीच होती, तिसऱ्यात नुकतं घातलेलं एकच अंडं निघालं. वहिनींना जड गेलं, मलाही. थोरल्या काकांच्या बंद खोलीत नर एकीकडे, माद्या एकीकडे अशी सोय केली. मोठ्या पिंजऱ्याचे पैसे माझे, त्यावर चर्चा झाली नाही. मेलेलं पिलू पुतण्याने परसात लिंबाखाली पुरलं. जखमी पिलू पहिली रात्र काढेल असं वाटत नव्हतं. काढली. काल फोनवर कळलं की राळं स्वतः सोलून खातंय. डोक्यावर टक्कल मात्र आहे, आणि पुतण्याने त्याचं नाव 'काका' ठेवलंय. (माझेही केस मागून विरळ व्हायला लागलेत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.)

निघताना त्याने एकच विचारलं. "काका, मग ती मादी वाईट नव्हती ना?"

नव्हती रे.

रिकाम्या मडक्यांचं काय करायचं, असं आईला विचारलं. म्हणाली, "ठेव तिकडं, तुळशीची रोपं लावते."