सही मात्र आईची

एनडीएत दाखल होताना मुलाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मध्ये असावं लागतं. म्हणजे ज्याला अजून मत देता येत नाही, ज्याच्या बँकेच्या खात्यावर आईचंही नाव असतं, जो दाढीचं सामान कोणतं घ्यायचं हे बाबांना विचारतो, तो मुलगा सैन्यात अधिकारी व्हायला निघू शकतो. फक्त त्याच्या कागदांवर पालकांची सही लागते. आमच्या घरी ती मी केली.

त्या कागदात काय असतं ते मुद्दाम सांगते, कारण पेढे मागायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. प्रशिक्षणात मुलाला दुखापत झाली तर सरकारकडे नुकसानभरपाई मागता येणार नाही, हे आपल्याला पूर्ण समजलं आहे, असं लिहून द्यायचं. त्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करताना किंवा भूल देताना काही बरंवाईट झालं, तरीही. शिवाय एक बंधपत्र असतं. मुलानं आपल्याच कारणानं मधूनच सोडलं, तर त्याच्यावर झालेला खर्च परत करायचा. बाकी राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधपाणी सगळं सरकारचं. आपण द्यायचा तो हातखर्च. (आणि ‘पगार किती?’ असं विचारणाऱ्या समस्त काकामंडळींसाठी : एनडीएची तीन वर्षं काही नाही.)

मी तो मजकूर दोनदा वाचला. आमचे हे म्हणाले, “सगळेच करतात सही. तू एवढं काय वाचत बसलीस?” चिरंजीव काही बोलले नाहीत. पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. लेखी परीक्षा, पाच दिवसांची एसएसबीची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी, हे सगळं त्यानं एकट्यानं पार केलं होतं. आमच्या वाट्याला उरली होती ती एक ठिपक्यांची रेघ.

आम्ही राहतो कोलकात्यात, भवानीपूरला. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास घरापासून चालत दहा मिनिटांवर. लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. बंगालातल्या आया मुलांना निजवताना एक अंगाई म्हणतात, त्यात चक्क आपण येतो! ‘बर्गी’, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीनं १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. खंदक केव्हाच बुजला, पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली आहे. शेजारच्या माशीमांनी माझ्या मुलाला तान्हेपणी तीच अंगाई म्हणून कितीदा झोपवलंय. तो सैन्यात निघाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “शेवटी बर्गीच तो!” आणि पदरानं डोळे पुसले. मला मिळालेल्या सगळ्या अभिनंदनांत मला हे सर्वांत आवडलं.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी होती. इथल्या काही जणांनी चेहरा पाडून विचारलं, “का हो, इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला?” खरं तर भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी कोलकात्यातच जन्मले, १९९४ ते ९७ या काळातले लष्करप्रमुख शंकर रायचौधरीही इथलेच. पण सांगायचं कुणाला! उलट साताऱ्याहून सासूबाईंचा फोन : “रडू नगंस. आपल्याकडं घरटी एक असतोच.” त्यांचं खोटं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ साली साताऱ्यालाच निघाली. तिथे मुलगा सैन्यात जाणं ही बातमीच नव्हे.

आणि तिसरे, मला जिजामाता म्हणणारे. महाराष्ट्र मंडळातल्या हळदीकुंकवाला एकीनं माझी ओळखच ‘आधुनिक जिजाऊ’ अशी करून दिली. आता एवढ्या मोठ्या नावापुढे बाईनं काय बोलावं? धास्ती वाटते म्हटलं तर जिजाऊंना कमीपणा! मला त्या वेळी वेगळीच एक बाई आठवत होती. तानाजी मालुसरे रायबाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले आणि कोंढाण्याची मोहीम घेऊन परतले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्या लग्नघरात मांडव, वाजंत्री, रुखवत सगळं तसंच सोडून उभी राहिलेली रायबाची आई कुणी पाहिली? तिला अभिमान वाटला असेलच. पण तिच्या पोटात काय झालं असेल, हे आपण कधी विचारलं नाही.

माझ्या पोटात काय होत होतं ते मात्र मला नीट सांगता येतं. मला सीमेवरच्या गोळीची भीती नव्हती. ती अजून चार वर्षं दूर आहे. तीन वर्षं एनडीए, मग डेहराडूनला एक वर्ष. मला भीती होती त्या कागदातल्या ‘दुखापत’ या शब्दाची. १९८५ पासून एनडीए, आयएमएसारख्या संस्थांतून सुमारे ५०० मुलांना प्रशिक्षणातल्या अपंगत्वामुळे घरी परतावं लागलं आहे. अधिकारी होण्याआधीच परतल्यामुळे ती ‘माजी सैनिक’ ठरली नाहीत, आणि त्या नावाबरोबर येणारा आधारही त्यांना मिळाला नाही. कुणी पाठीच्या कण्याला इजा होऊन वर्षानुवर्षं अंथरुणावर, आणि उशाशी आई. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या मुलांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे सरकारनं त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. चाळीस वर्षं लागली. मुलगा द्यायला तयार असलेल्या आईनं ‘त्याला काही झालं तर त्याचं कोण बघणार?’ एवढं विचारलं, तर त्यात देशभक्ती कुठे कमी पडते?

हे सगळं मी मुलाशी बोलले. ह्यांच्याशी नाही, मुलाशीच. मैदानावरून आम्ही परतत होतो, समोर फोर्ट विल्यम. आता त्याला ‘विजय दुर्ग’ म्हणतात, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याच्या नावावरून. अरुणकुमार वैद्य आणि मनोज नरवणे, दोघांनीही याच किल्ल्यातून पूर्व विभाग सांभाळला आणि पुढे दोघेही लष्करप्रमुख झाले. लहानपणी दर २६ जानेवारीला बाबांच्या खांद्यावर बसून त्यानं रेड रोडवरचं संचलन पाहिलेलं. मला वाटलं, हा आता त्यांची नावं सांगेल. तो म्हणाला, “आई, मलाही भीती वाटते. तू ती बाबांसमोर बोलू नकोस एवढंच.” त्या संध्याकाळनंतर मला सही जड गेली नाही.

हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं पुण्याला जायला दोन रात्री लागतात. हे सोडायला बरोबर गेले. मी स्टेशनवर रडले नाही, पण त्यात कौतुक काही नाही. हमाल, ट्रंका आणि गर्दीत रडायला जागाच नव्हती. रडू आलं ते चार दिवसांनी, बाजारात मासेवाल्यानं नेहमीप्रमाणे मोठा तुकडा बाजूला काढून ठेवला तेव्हा.

धाकटीनं मात्र आठवड्यात भावाचं टेबल ताब्यात घेतलं. नववीत आहे. २०२२ साली एनडीएत १९ मुलींची पहिली तुकडी गेली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी बाहेर पडल्या, हे तिनं मला दोनदा ऐकवलंय. वर म्हणते, “माझ्या वेळी बाबांची सही घेऊ. तू फार वाचत बसतेस.”

पहिल्या टर्मला घरी फोन करणं मुलांच्या हातात नसतं. आपणच वाट बघायची. तिसऱ्या रविवारी आला. आवाज बसलेला, मागे गलका, आणि बोलणं घाईघाईत.

“जेवतोस ना?”

“खूप. आई, सिंहगड बघितला.”

सिंहगड अकादमीतून समोर दिसतो. म्हटलं, “अरे वा, सहलीला नेलं?”

“सहलीला नाही.” तो हसला. “माझा बूट नीट पॉलिश नव्हता.”

साताऱ्याला फोन करून सासूबाईंना कळवलं, नातू सिंहगड चढून आला. पुढचं त्यांना सांगितलं नाही.