नाव नसलेल्या आकड्यांतील घर

जनगणनेचा प्रगणक दारी येऊन धर्म विचारतो, तेव्हा सांगितलेले पुढे कोणाच्या हाती जाईल, ही आपल्या मनातील शंका अनाठायी नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने उत्तर देणे बंधनकारक केले आहे. त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या नोंदी कोणासही पाहता येत नाहीत, व या कायद्याखालील खटले वगळता कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. कायदा येथवर आपल्या बाजूचा आहे. परंतु तो नोंदवही कुलुपात ठेवतो. तिच्यावरून केलेली कोष्टके मात्र छापली जातात, आणि छापण्यासाठीच तर हा सारा खटाटोप!

या कोष्टकांतील धोका ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासिला, त्यांत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन फाइनबर्ग (मृत्यू २०१६) हे प्रमुख होत. त्यांचा मुद्दा साध्या वजाबाकीने कळतो. समजा, एका गावात बौद्ध कुटुंबे पाचच आहेत आणि धर्मवार कोष्टकात कर्जबाजारी बौद्ध कुटुंबे ५ अशी छापली. नाव एकाचेही नाही. पण ती पाच घरे गावात कोणास ठाऊक नाहीत? बरे, तो आकडा झाकून तेथे फुली मारली, तरी खाली एकूण ६० व इतरांचे ५५ छापलेलेच असतात. शाळकरी पोरही झाकलेला आकडा सांगेल. बेरजांवरून झाकलेला आकडा किमान व कमाल किती असू शकेल, हे मोठमोठ्या कोष्टकांत काढण्याच्या रीती फाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविल्या. या दोन मर्यादा एकमेकींस भिडल्या की झाकणे व्यर्थ.

बिननावाच्या आकड्यांनी काय होते, हे अमेरिकेत १९४२ साली दिसले. जपानी वंशाचे लोक कोणत्या वस्तीत किती, हे आकडे तेथील जनगणना खात्याने लष्करास पुरविले, आणि एक लाखाहून अधिक माणसे, बहुतांशी त्या देशाचे नागरिक, छावण्यांत डांबली गेली. त्याच वर्षीच्या युद्धाधिकार कायद्याने गुप्ततेचे कलमही बाजूस सारले. १९४३ साली काहींची नावे व पत्तेही दिले गेल्याचे २००७ मध्ये संशोधकांनी उघडकीस आणले. आम्हा वकिलांनी हे विसरू नये: कायद्याने दिलेली गुप्तता कायद्यानेच काढून घेता येते.

मग आकडेच छापू नयेत काय? ते आत्मघातकी ठरेल. ज्या समाजाची गणती छापली जात नाही, त्याच्या हक्काची मागणी कोणत्या आधारावर करावयाची? अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत छोट्या वस्त्यांचे आकडे हेतुपूर्वक, मोजूनमापून किंचित इकडेतिकडे केले. तेथील मूलनिवासी जमातींनी हरकत घेतली, की यात लहान समाजाचीच गणती बिघडते. या हरकतीत आम्हास तथ्य दिसते. पाचांचे दोन झाले, तर त्या दोघांसाठी विहीर कोण खोदील?

२०२७ च्या जनगणनेत जातही नोंदविण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. तेव्हा गावपातळीवरील कोणती कोष्टके छापणार, लहान आकडे कोणत्या रीतीने झाकणार व त्यापायी किती चूक पत्करणार, हे छपाईपूर्वीच लेखी जाहीर करावे, अशी मागणी आपल्या गावोगावच्या शाखांनी जनगणना अधिकाऱ्यांकडे करावी.